घडीमावशींचा मुका आठवडा

त्या संध्याकाळी घडीमावशी घरी आल्या, चपला दोन दिशांना भिरकावल्या आणि दोघांसाठी रांधलेलं जेवण एकट्याच जेवून मोकळ्या झाल्या. नवरा समोर बसून बघत होता. पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "माझ्यासाठी काही उरलंय का?"

"उरलंय की. पातेलं. घासायला," मावशी म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

खरं तर नवऱ्याला राग यायला हवा होता. पण त्याला इतकं हायसं वाटलं, की त्यानं बाह्या सरसावल्या आणि गुणगुणत पातेलं घासायला घेतलं. कारण त्याआधीचा अख्खा आठवडा ही बाई धड जेवली नव्हती, हसली नव्हती, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे बोलली नव्हती. शेजारणींचे अंदाज बांधून झाले होते. एकीनं दाढ सांगितली, दुसरीनं पित्त. तिसरी म्हणाली, "नवऱ्याशी बिनसलं असणार." या तिसरीकडे आपण लक्ष द्यायचं नाही. तिला साऱ्या जगाचं बिनसलेलं दिसतं, स्वतःच्या घरातलं सोडून.

झालं होतं काय, हे सांगायचं तर त्या पातेल्यापासूनच सुरुवात करावी लागेल. त्या घरात भांडी नवऱ्यानं घासायची, फरशी नवऱ्यानं पुसायची, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं. गडी शहरातल्या बसचा चालक. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि घरी येऊन साबणाच्या फेसात हात घालायचे. गल्लीतल्या पुरुषांनी त्याची पुष्कळ टर उडवली. "बायकोचे हात फार नाजूक का हो?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "नाजूक कसले, भाड्यानं दिलेत."

आणि ते खरंच होतं. मावशींचे हात हाच मावशींचा धंदा. खरखरीत बोट रेशमाला लागलं की धागा ओढला जातो, आणि एकदा ओढला गेलेला धागा काही केल्या परत जागेवर बसत नाही. म्हणून मावशींच्या बोटात अंगठी नाही, मनगटात बांगडी नाही, आणि भांड्यांच्या साबणाला तर त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. काम काय, तर घड्या बदलायच्या. रेशमाची एक खोड आहे. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की दुमडीच्या रेघेवर त्याचे धागे थकतात, आणि मग एक दिवस, कुणी ओढलं नाही, ताणलं नाही, तरी तिथं सुरी फिरवल्यासारखी चीर पडते. ते टाळायचं तर दुमड दर वर्षी नव्या जागी पडायला हवी. मावशींचा नियम साधा होता: पेटीत जी घडी सापडेल ती बदलायची. चौपदरी सापडली तर तीनपदरी करून ठेवायची, तीनपदरी सापडली तर चौपदरी. एवढ्या घरांतलं कुठलं कापड गेल्या वर्षी कसं ठेवलं, हे लक्षात ठेवत कोण बसणार? डोकं त्यांना दुसऱ्या कामासाठी मोकळं हवं असे.

दुसरं काम म्हणजे बातम्या. गल्ली जुन्या रेशीमवाल्यांची. रेशमाचा व्यापार केव्हाच बसला. जिथं एके काळी लडींचे ढीग लागायचे तिथं आता मोबाइलची कव्हरं आणि गाद्यांचे फोम विकले जातात. पण घराघरांत आजी-पणजींच्या वेळचं रेशीम राहिलं, आणि दमट दिवस सरले की मावशी घरोघर जाऊन ते उलगडायच्या, खोलीत वाळवायच्या आणि घडी बदलून ठेवायच्या. आता जी बाई प्रत्येक घराच्या आतल्या खोलीतलं कपाट उघडते, तिला काय कळायचं राहील? काटेवाल्यांकडे नवरा-बायकोची कपाटं वेगवेगळ्या खोल्यांत गेली, हे मावशींना त्यांच्या मुलांच्या आधी कळलं. रंगाऱ्याच्या धाकटीचं जमलंय, हे त्यांनी तिच्या कपाटातल्या भल्याथोरल्या पुरुषी स्वेटरवरून ओळखलं, आणि धाकटीनं घरात तोंड उघडायच्या आत निम्म्या गल्लीनं तिच्या आईचं अभिनंदन केलं. लोक मावशींवर चिडायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा चहा टाकून त्यांची वाट बघायचे. शेजारच्या घरात काय चाललंय, हे दुसरं कोण सांगणार?

या गल्लीत वर्षा-दोन वर्षांपूर्वी सहलवाला आला. तरतरीत, मध्यम वयाचा, हातात एक छोटा पिवळा झेंडा. आठच पाहुणे घ्यायचे, गाडीत कोंबायचे नाहीत, पायी फिरवायचे, दिवसाला एकच ठिकाण दाखवायचं, आणि रेशीम कुठून यायचं, कुठं रंगायचं, कुठं तोललं जायचं हे शांतपणे बघायला लावायचं, अशी त्याची कल्पना. कुणी पाय उचलून चाललं की तो मागून म्हणायचा, "सावकाश, सावकाश." गल्लीनं त्याचं नाव सावकाशराव ठेवलं. सुरुवातीला लोक हसले. "आमच्या पडक्या गोदामात बघायचंय काय? आम्हीच बघत नाही." पण पाहुणे यायला लागले, ओट्यावर बसून चहा प्यायला लागले, आणि मग ज्याच्या-त्याच्या घरातून जुने चरखे नि गंजलेले तराजू बाहेर निघाले.

एकदा चहाच्या टपरीवर मावशींचं बोलणं सावकाशरावांच्या कानावर पडलं. त्यांचा चहा निवला, पाहुणे खोळंबले, तरी ते हलेनात. शेवटी म्हणाले, "मावशी, आमच्याबरोबर चालाल का? तुम्ही फक्त बोलायचं."

"बोलायचं आणि वर फिरायला मिळणार?" मावशींना आधी ती थट्टाच वाटली. पण त्या गेल्या. आणि पाहुणे तराजू विसरून जायचे, गोदाम विसरून जायचे, पण मावशी कुणी विसरायचं नाही.

इथपर्यंत सगळं छान होतं. घोळ झाला तो थोरल्या बाईंच्या घरी.

थोरल्या बाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या पेढीच्या मालकीणबाई. पेढी गेली, रुबाब राहिला. पाठीला उशी न घेता खुर्चीत ताठ बसायच्या आणि चष्म्याच्या वरून बघायच्या. गुडघे धरले होते, त्यामुळे माडीवर फारशा जात नाहीत असं सगळे समजून होते. माडीवर एका लाकडी पेटीत, जुन्या धुवट सुती कापडात गुंडाळलेलं, घराण्याचं पहिलं थान, म्हणजे रेशमाचा अखंड तागा, होतं. बाईंच्या आजेसासऱ्यांनी धंदा सुरू केला तेव्हा स्वतःच्या रेशमी सुतातून विणून घेतलेलं. पुढं सगळं विकलं, हे विकलं नाही. रंग कबुतराच्या गळ्यासारखा. इकडून राखाडी, तिकडून जांभळा, आणि मध्ये कुठंतरी हिरवा चमकून जायचा.

गेल्या वर्षी मावशींनी नेहमीप्रमाणे ती पेटी उघडली, चौपदरी घडी उलगडली, थान खिडकीकडे धरलं, आणि मधोमध वीतभर उजेड आरपार आला.

मावशींनी थान खाली घेऊन नीट बघितलं. चीर अगदी दुमडीवर होती. म्हणजे घडीनं गेलं. म्हणजे घडी घालणारीनं घालवलं. इतकी वर्षं ज्या हातांना भांड्यांचा साबण लागू दिला नाही, त्या हातांनी गल्लीतलं सगळ्यांत मानाचं रेशीम मारलं. आणि हे एका घरात कळलं की सगळ्या घरांत कळणार. बातमी कशी पसरते हे मावशींइतकं कुणाला ठाऊक असणार! मग कुठलं कपाट उघडायला मिळणार नव्हतं, कुठं चहा टाकला जाणार नव्हता. त्यांनी काय केलं, तर तीनपदरी घडी अशी बेतली की चीर आतल्या पदरात जावी. गुंडाळलं, पेटी लावली आणि खाली आल्या.

"सगळं ठीक ना?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"अगदी नवंकोरं," मावशी म्हणाल्या. कपबशी एवढी वाजत होती, की बाईंनी विचारलं, "थंडी वाजतेय का गं?"

ही एकच गोष्ट मावशींनी वर्षभर पोटात ठेवली. नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही. असं त्यांच्या आयुष्यात आधी कधी घडलं नव्हतं.

आणि नेमकी बाईंची सून सहलीवर भाळली. हौशी, गोड बोलणारी, आणि एकदा डोक्यात घेतलं की घेतलंच. ती सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "आई, या वेळच्या सहलीला शेवटच्या दिवशी आपलं पहिलं थान दाखवूया? माडीवर लांब टेबल मांडून, पूर्ण उलगडून?"

बाई चष्मा पुसायला लागल्या. पुसला, पुन्हा पुसला. "मला काय विचारतेस? त्याला हात लावते ती मावशी. ती हो म्हणाली तर दाखवा. पण तिनं नको म्हटलं तर माझा आग्रह नाही हं. मुळीच नाही."

सूनबाई तशीच मावशींकडे आली. मावशी घाईघाईनं म्हणाल्या, "अगं, मी कोण सांगणारी? थान बाईंचं. त्यांच्या मनात नसेल तर राहू दे. या वयात त्यांना दुखवू नकोस हो."

"त्या तर म्हणाल्या, मावशी हो म्हणाली की दाखवा."

"आणि मी म्हणते, बाई हो म्हणाल्या की दाखवा."

"म्हणजे दोघींचंही हो!" सूनबाईनं टाळी वाजवली आणि सावकाशरावांना फोन लावला. मावशी तिच्या फोनकडे बघत राहिल्या. बाई एवढ्या पटकन हो कशा म्हणाल्या, हे त्यांना कळेना. तिकडे खुर्चीत बसलेल्या बाईंनाही मावशींबद्दल अगदी हेच कळत नव्हतं, पण ते आपण नंतर बघू.

सहल सुरू झाली. या वेळच्या पाहुण्यांत दातांचे एक निवृत्त डॉक्टर होते, डोक्यावर कायम टोपी. दोन बहिणी होत्या, साठी उलटलेल्या, एकत्र राहणाऱ्या, आणि चालताना कुणी कुठल्या बाजूनं चालायचं यावरून भांडणाऱ्या. बाकीचे पाच जण गरीब स्वभावाचे, फोटो काढणारे. पहिल्या दिवशी रंगाऱ्याचे दगडी हौद बघितले. त्यांच्या कडांवर शंभर रंगांचे थर चढले होते. सावकाशराव म्हणाले, "मावशी, ते धाकटीच्या स्वेटरचं सांगा ना."

"त्यात काय सांगायचं," मावशी म्हणाल्या. "मुलगी मोठी झाली, लग्न झालं."

सावकाशरावांच्या हातातला झेंडा खाली आला.

दुसऱ्या दिवशी काटेवाल्यांच्या गोदामात छताला टांगलेला मोठा तराजू बघितला. मावशी तराजूखाली नुसत्या उभ्या. तिसऱ्या दिवशी लडी सोडवायच्या पडवीत बहिणींनी रहाट फिरवून गुंता केला, तरी मावशींच्या तोंडून एक टोमणा निघाला नाही. डॉक्टरांना राहवेना. "दाढ आहे का? सुजलेली नाही दिसत. जरा आ करा बघू."

"मी आ केला तर तुम्हालाच पस्तावा होईल," मावशी म्हणाल्या. तेवढंच काय ते त्या तीन दिवसांतलं लांब वाक्य.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो ताटं पुसत होता, त्याचा हात थांबला.

"वर्षभर पोटात ठेवलंस?"

"हो."

"तू?"

"आता तुम्हाला थान फाटल्याचं नवल आहे, की मी गप्प बसल्याचं?"

"थान काय, जुनं झालं की फाटतं," तो म्हणाला. मग ताट ठेवून दिलं. "हे बघ, उतारावर ब्रेक लागेनासा झाला की आम्ही एकच करतो. हॉर्न दाबून धरायचा. निदान लोक बाजूला तरी होतात. उद्या पेटी उघडायच्या आधी बाईंना सांगून टाक."

मावशींना ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्यांच्या आधीच बाईंच्या घरी पोचल्या. बघतात तर बाई खुर्चीत नव्हत्या, जिन्याच्या पायथ्याशी कठडा धरून उभ्या होत्या.

"बाई, मला जरा तुमच्याशी..."

"मलाही जरा तुझ्याशीच..." बाई म्हणाल्या.

"आधी तुम्ही बोला."

"नको, तू बोल."

एवढ्यात सूनबाई आठ पाहुण्यांना घेऊन दारात. "अरे वा, दोघीही तयार! चला, चला वर!" आणि सगळी वरात जिन्यावर चढली. बाई एकेक पायरी चढत वर आल्या. कुणाचा हात घेतला नाही. माडीवर लांब टेबल पांढऱ्या चादरीनं झाकलेलं. सावकाशरावांनी सगळ्यांना अंगठ्या, घड्याळं काढून ठेवायला सांगितलं. टोपीसुद्धा डॉक्टरांनी काढली, कारण नसताना. मावशींनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, पुन्हा पुसले. दुसरं काय करणार? शेवटी पेटी उघडली, गुंडाळी टेबलावर ठेवली, धुवट कापडाची टोकं चार बाजूंना सोडली.

आणि त्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"हे चौपदरी कसं?"

आठवडाभरात पाहुण्यांसमोर मावशी मनापासून बोलल्या ते हे पहिलं वाक्य. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मावशी, काय झालं?" सूनबाईनं विचारलं.

"मी हे तीनपदरी ठेवलं होतं."

"तुम्हीच तर म्हणता, कुठली घडी कशी घातली ते तुमच्या लक्षात राहत नाही."

"दुसरी नाही राहत. ही राहिली." मावशींनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा जिन्याकडे, आणि मग हॉर्न दाबला. "कारण तीनपदरी घडीत फाटलेली जागा आत जाते. मी मुद्दाम आत घातली होती. बाई, थान फाटलंय. गेल्या वर्षी मी उलगडलं तेव्हा सापडलं. इतकी वर्षं घडी माझी, म्हणजे चूकही माझीच. वर तुम्हाला नवंकोरं म्हणून सांगितलं आणि तुमचा चहा प्यायले. आता तुम्ही काय म्हणाल ते खरं."

एका बहिणीनं दुसरीचा हात धरला. सूनबाईनं सासूबाईंकडे बघितलं, आणि तिला धडकीच भरली, कारण बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता.

"तू फाडलंस?" बाई कडाडल्या. "तू कशी फाडशील? ते मी फाडलंय!"

"तुम्ही?"

"मी! माझ्या या वाळक्या हातांनी. वर्षभर माझ्या जिवाला घोर लागलाय, आणि तू आयत्या वेळी येऊन म्हणतेस, माझी चूक?"

"अहो बाई, मी डोळ्यांनी बघितलंय, ती चीर घडीवर आहे..."

"घडीवरच आहे! माझ्या घडीवर!"

"तुमची कुठली घडी? तुमचे गुडघे तर..."

"माझे गुडघे माझे मी बघीन!"

सावकाशराव सवयीनं पुटपुटले, "सावकाश, सावकाश." त्यांच्याकडे कुणी बघितलंही नाही.

सूनबाई मध्ये शिरली. "आई, एक मिनिट. तुम्ही ही पेटी कधी उघडता?"

बाईंनी चष्मा काढला. पुसायला पदर धरला, पण मग तसाच सोडून दिला. "दर वर्षी. ही येऊन गेली की थोड्या दिवसांनी. तू बाजारात जातेस तेव्हा. एकेक पायरी बसत बसत चढते."

"पण कशासाठी?"

"घडी बदलायला!"

"अहो, घडी बदलायला तर मी येते," मावशी म्हणाल्या.

"तू येतेस गं, पण तुझं तोंड चालू असतं. वर काम करताना तुझ्या गप्पा मला खाली ऐकू यायच्या. भिंतीशी बोलत असायचीस का कुणाशी, देव जाणे. मला वाटायचं, या नादात ही होती तीच घडी परत घालून जात असेल. म्हणून मी आपली वर जाऊन बदलून ठेवायची. तुला बोलले नाही, उगाच तुला वाईट वाटायला नको. आणि गेल्या वर्षी उलगडलं तर हे भगदाड. मी म्हटलं, मावशीनं बघितलं असतं तर एव्हाना गल्लीभर झालं असतं. गल्लीत तर कुणी अवाक्षर बोलत नाही. म्हणजे ती घालून गेली तेव्हा धड होतं, आणि फाटलं ते माझ्याच हातून. तेव्हापासून, तू यंदा येशील आणि बघशील, या धास्तीनं माझी झोप उडालीय."

मावशी आ वासून ऐकत होत्या. डॉक्टरांना त्यांच्या दाढा आता बिनत्रास दिसत होत्या, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते बोटांवर काहीतरी जुळवत होते.

"मला समजून घेऊ द्या," ते म्हणाले. "या मावशी यायच्या. त्यांना चौपदरी सापडायचं, त्या तीनपदरी करायच्या."

"बरोबर."

"मग थोड्या दिवसांनी तुम्ही वर यायच्या. तुम्हाला तीनपदरी सापडायचं. तुम्ही काय करायच्या?"

"चौपदरी. सापडेल ती घडी बदलायची, हिचाच नियम आहे तो."

"आणि पुढच्या वर्षी या आल्या की पुन्हा चौपदरीच सापडायचं."

ज्याच्या-त्याच्या डोक्यात ते थान उलगडत होतं, मिटत होतं. इकडून एक यायची, तीन करायची. तिकडून दुसरी यायची, चार करायची. दोघींनी जिवापाड काळजी घेतली, आणि ते बिचारं रेशीम वर्षानुवर्षं त्याच कुशीवर पडून राहिलं.

पहिलं हसू फुटलं ते बहिणींपैकी धाकटीला. तिनं तोंडावर हात ठेवला, पण ते बोटांमधून सांडलंच. "ताई, आपल्या कुंड्या!"

"कुठल्या कुंड्या?" थोरली फणकारली, आणि मग तिलाही उमगलं. "अगं बाई! मी सकाळी पाणी घालते..."

"आणि मी संध्याकाळी! तुला आठवण राहत नाही म्हणून!"

"तरीच सगळी झाडं कुजली!"

मग माडीवर जे हसणं सुरू झालं ते खाली रस्त्यावर ऐकू गेलं. गादीवाला दुकानातून बाहेर येऊन वर बघायला लागला. मावशी हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि मधूनच "भिंतीशी नाही हो बोलत, थानाशी बोलते," असं सांगायचा प्रयत्न करत होत्या. बाई हसत नव्हत्या. बाई तिथल्या एका खुर्चीत बसल्या, पहिल्यांदाच पाठ टेकून, आणि त्यांनी एवढा लांब श्वास सोडला की सूनबाईनं घाबरून पाणी आणलं.

"पाणी नको. उलगडा आता," बाई म्हणाल्या.

मावशींनी उलगडलं. पाहुण्यांनी कडेला उभं राहून, श्वास रोखून बघितलं. खिडकीतून ऊन येत होतं आणि थानावर राखाडी, जांभळं, हिरवं सरकत होतं. मधल्या चिरेतून खालची पांढरी चादर दिसत होती. फोटो काढणाऱ्या पाच जणांनी सगळ्यांत जास्त फोटो त्या चिरेचेच काढले. चांगल्या कापडात बघण्यासारखं असतं, पण सांगण्यासारखं जे असतं ते या वीतभर जागेत होतं.

डॉक्टर म्हणाले, "हे घडी न घालता लाकडी रुळावर गुंडाळून ठेवलं तर? मग दुमडच पडायची नाही."

कल्पना काही वाईट नव्हती. सूनबाईनं लगेच मान डोलावली. मावशींचं हसू मात्र थोडं उतरलं. दुमड नाही तर घडी नाही, घडी नाही तर घडीमावशी तरी कशाला?

बाईंनी चष्मा चढवला आणि वरून बघितलं. "रुळावर गुंडाळलं की झालं. मग हिनं यायचंच नाही. आणि ही आली नाही तर काटेवाल्यांकडे सध्या काय चाललंय, ते मला कोण सांगणार? तुम्ही?"

डॉक्टरांनी टोपी घातली आणि ते मागं सरकले.

"पाचपदरी," बाईंनी निकाल दिला. "तीन नको, चार नको. यंदा पाच. आणि माझ्यासमोर."

"पाच म्हणजे मोजावं लागेल, बाई."

"मोज की. तोंड बंद ठेवून मोज."

"ते जमायचं नाही," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही बहिणींना दोन टोकं धरायला लावली. घडी घालता घालता त्या जे बोलायला लागल्या, त्यात आठवडाभराचं साठलेलं सगळं आलं: धाकटीचा स्वेटर, काटेवाल्यांची कपाटं, गादीवाला दुपारी कुणाच्या गादीवर झोपतो ते. सावकाशरावांनी झेंडा कोपऱ्यात ठेवला आणि जमिनीवर मांडी घातली. पाहुण्यांची परतीची गाडी चुकली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

तर त्या संध्याकाळी पातेलं रिकामं का झालं, ते हे असं.

नवऱ्यानं ते घासून पालथं घातलं, हात पुसले आणि विचारलं, "आता पुढच्या वर्षी बाई पुन्हा गुपचूप वर जाऊन पाचाच्या चार करणार नाहीत कशावरून?"

मावशींनी कमरेची पिशवी उघडून एक जुनी पितळी किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली. "पेटीची. निघताना स्वतःहून हातात ठेवली. म्हणाल्या, माझा काही भरवसा नाही, माझ्या हातांना खाज सुटते, तू घेऊन जा."

नवऱ्यानं किल्ली उजेडात फिरवून बघितली. "आणि तुझ्या हातांना खाज सुटली तर?"

मावशींनी किल्ली त्याच्या मुठीतच दाबली. "म्हणून ती तुम्ही ठेवा. कुठं ठेवलीत ते मला सांगू नका."

त्या हात धुवायला गेल्या तेव्हा त्यानं इकडं-तिकडं बघितलं, आणि किल्ली भांडी घासायच्या साबणाच्या डब्यामागं सरकवून दिली. त्या घरात मावशींचा हात कधी पोचला नव्हता, अशी जागा तेवढी एकच होती.